सासूबाईंनी पास केलेलं खोबरेल

तीस वर्षं मी वास घ्यायचा पगार घेतला. भांडुपच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर आमच्या शेठचे चार गाळे होते. एकात शेव, एकात चिवडा, एकात वेफर्स, आणि चौथ्यात माझी लॅब. लॅब म्हणजे एक ओटा, दोन बर्नर, थोडी काचेची भांडी आणि कधीच नीट न लागणारी एक खिडकी. तेल आलं की मी त्याची आम्लता काढायची, पेरॉक्साइड काढायचं, आकडे रजिस्टरात लिहायचे. मग थोडं तेल गरम करून त्यावर काचेची चकती झाकायची, मिनिटभराने ती सरकवायची आणि नाक आत घालायचं. आकडे साफ असले तर तेल पास, वाईट असले तर परत. आकडा काठावर असला तर मात्र निकाल नाकाचा. हा नियम शेठनेच केलेला. गिऱ्हाईक गाळा बघायला आलं की तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "मशीन काय, कोणी पण विकत घेईल. हे मॅडमचं नाक बघा."

मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? माझ्याबरोबर केमिस्ट्री केलेल्या मुली औषधांच्या कंपन्यांत गेल्या आणि मी फरसाणात आले. लग्नकार्यात कोणी विचारलं तर मी "फूड इंडस्ट्री" म्हणायचे आणि विषय बदलायचे. पण नाक माझं खरंच तिखट होतं. पिंपाचं झाकण उघडलं की मी सांगायचे, हे उन्हात उभं होतं. एकदा एका व्यापाऱ्याने जुनं तेल वास काढून नवं म्हणून आणलं. आकडे बघाल तर गंगेत न्हालेले! मी नाक घातलं आणि म्हटलं, घेऊन जा. त्याने तीनदा आईची शपथ घेतली आणि मग गपचूप टँकर वळवला.

मग तो ताप आला. आमची अर्धी सोसायटी त्याच तापाने आडवी होती आणि सगळ्यांचाच वास गेला होता. बाकीच्यांचा महिन्या-दीड महिन्यात परत आला. माझा गेला तो गेलाच. मला हे कळलं ते स्वयंपाकघरात. मी गॅससमोर उभी राहून फोडणी करत होते आणि आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "गो, लसूण करापली! नाक खय गहाण ठेवलंस?" खाली बघते तर कढईत लसणीचा कोळसा. मी त्या धुरात तोंड घालून उभी होते आणि मला काही म्हणजे काही आलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू, लवंग हुंगत राहा. सहा महिने मी लवंग हुंगली. शेवटी लवंगेलाच माझी दया आली असेल.

फॅक्टरीत कोणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसल्यापासून तो घरी होता आणि घरात पगार माझा एकटीचा. रिटायर व्हायला तीन वर्षं बाकी. त्यातून शेठने अधूनमधून ऐकवायला सुरुवात केली होती की अंधेरीला एक लॅब आहे, सँपल पाठवलं की दुसऱ्या दिवशी रिपोर्ट ईमेलवर येतो. म्हणजे ज्या दिवशी कळलं की मॅडमचं नाक गेलं, त्याच दिवशी मॅडम गेल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ झाकली. रोज चकती सरकवायची, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे, मान हलवायची. नाटकात काम केलं असतं तर नाव काढलं असतं मी.

आता सासूबाईंची ओळख करून देते, कारण पुढचं सगळं त्यांनीच केलं. मालवणजवळच्या एका गावातून लग्न होऊन त्या गिरणगावात आल्या. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते मुलुंडला वॉचमन म्हणून लागले आणि ज्या इमारतीच्या गेटवर ते बसायचे, त्याच इमारतीत पुढे आम्ही घर घेतलं. मुंबईत पंचावन्न वर्षं काढूनही सासूबाईंच्या मालवणीला मुंबईचा वारा लागला नाही. मी घाटावरची, माहेरी शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेली, हा माझा पहिला गुन्हा. त्यांचा मुलगा माझ्यावर खूश, हा दुसरा. सत्तावीस वर्षं त्यांनी माझ्या स्वयंपाकातले दोष काढले ते एकही घास तोंडात न घालता. ताट समोर आलं की जरा वाकायचं आणि निकाल द्यायचा. डाळ बुडाला लागली. नारळ कालचा. मासा ज्याने दिला त्याने तुला फसवलं. आणि बाई गं, दरवेळी बरोबर! नवऱ्याचा या बाबतीत काही उपयोग नव्हता. त्याला बारा महिने सर्दी, त्यामुळे त्याचं नाक चष्मा ठेवण्यापुरतं.

तापानंतर कामावर गेले त्याच्या पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी घरी आले तर लॅबमधली एक छोटी बाटली चुकून माझ्या पर्समध्ये राहिली होती आणि तिचं बूच सैल होतं. मी दारात चपला काढतेय तोच आतून आवाज, "पिशयेत खवट तेल कित्याक हाडलंस गो?"

मी तशीच दारात थांबले. ते शेवेचं पामतेल होतं. आकडा काठावर आला होता, आणि मी दिवसभर ठरवू शकले नव्हते, पास करू की परत पाठवू. दुसऱ्या दिवशी ती पिंपं परत पाठवली. शेठ कौतुकाने म्हणाला, "मॅडम, तुमच्या नाकाला मानलं." मी लाजल्यासारखं केलं.

त्या रात्री जेवण झाल्यावर सासूबाईंसमोर बसले आणि सगळं सांगितलं. सत्तावीस वर्षांत मी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आता तुझ्या नोकरेक माझा नाक व्हया?"

"हो, आई."

"मगे माझा पण एक व्हया."

त्यांना हवं होतं खोबरेल. नवऱ्याच्या स्टेंटनंतर डॉक्टरांनी तेलावर अशी काही कात्री लावली होती की मी चमच्याने मोजून फोडणी करायचे, आणि खोबरेलाला तर मी घरात बंदीच घातली होती. सासूबाईंचं म्हणणं, रविवारी सुका बांगडा भाजून, चुरून केलेल्या किसमुरीवर वरून चमचाभर कच्चं खोबरेल पडलं पाहिजे, त्यांच्या ताटात तरी. त्यांना अठ्ठ्याहत्तरावं चाललं होतं. मी कबूल झाले आणि दुकानातली बाटली आणली; कुरकुरत का होईना, त्यांनी ती चालवून घेतली. रविवारी नवरा आईच्या ताटाकडे बघत उकडलेला दुधी खायचा.

सुरुवातीला गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी. वाटीत तेल घालून ती गरम पाण्यात ठेवायची आणि सासूबाईंपुढे धरायची, असं आम्ही ठरवलं. पहिली चारही सँपलं त्यांनी नापास केली.

"ह्याका वासच नाय," त्या म्हणाल्या.

"बरोबर आहे आई. रिफाइंड आहे ते. वास नाही म्हणजेच पास."

"म्हणजे ज्याच्यात काय नाय ता चांगला? मगे तू मेली वास कसलो घेतंस?"

मी त्यांना समजावलं की कारखान्यात तेलाचा रंग काढतात, वास काढतात, चव काढतात, तेव्हा ते चांगलं समजलं जातं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू विचारत होत्या, या मुलीला पदवी कोणी दिली? मग म्हणाल्या, "तुमच्या शेठान माणसां पण तशीच भरली आसत काय?" नवरा सोफ्यावर हसून हसून खोकायला लागला. पण हळूहळू त्या शिकल्या. वास नाही, तर "जाव दे." ओल्या कपड्यांचा, जुन्या कपाटाचा, लोखंडी खिळ्याचा वास आला, तर "परत धाड." चौदा महिन्यांत त्यांनी दोनदा माल परत पाठवायला लावला. रजिस्टरात सही माझी असायची.

एव्हाना बाहेर जग बदललं होतं. लोक पाकीट उलटं करून मागचं वाचायला लागले होते. वाचून काय करतात ते माहीत नाही, कारण वाचता वाचता खाणं चालूच असतं. पवईच्या एका कंपनीने शेठला ऑर्डर देऊ केली. तिथल्या ऑफिसांमध्ये चार वाजता जी भूक लागते तिच्यासाठी "हेल्दी" खाऊ हवा होता. शेठने आधी भाजलेला चिवडा दाखवला. भट्टीत भाजायचा, आणि कोरडा लागतो म्हणून बाहेर काढल्यावर वरून तेलाचा फवारा मारायचा. पाकिटावर "तळलेलं नाही" असं लिहायचं, आणि ते खरंच होतं. त्यांना ते पसंत पडलं, पण त्यांची मुख्य अट पामतेलाची होती. आमच्या गाळ्यात पामतेल म्हणजे गरीब नातेवाईक. राबतं सगळीकडे, फोटोत कुठेच नाही. पाकिटावर आम्ही नुसतं "खाद्य वनस्पती तेल" लिहायचो.

त्यांच्याकडून तपासणीला एक मुलगी आली. चुणचुणीत, हातात टॅब. तिने मला लॅबमध्ये बसवून सांगितलं की पामसाठी दूरदेशी जंगलं कापली जातात, तिथली माकडं बेघर होतात. सांगताना तिचे डोळे भरून आले, खरंच आले. मला पण वाईट वाटलं. मग तिने विचारलं, "मॅडम, खोबऱ्याच्या तेलात तळता येईल का? नॅचरल, घाण्याचं, रिफाइंड नको. आमच्या क्लायंटला स्टोरी आवडेल." मी म्हटलं, डॉक्टर लोक खोबरेलाला नावं ठेवतात. ती म्हणाली, "ते जुनं झालं मॅडम." माझ्या नवऱ्याचा स्टेंट तर जेमतेम दीड वर्षाचा होता.

ठरलं तर. कच्च्या केळ्याचे वेफर्स, घाण्याच्या खोबरेलात. पाकिटावर हिरवं पान आणि नारळाचं झाड. ते पाकीट चार थरांच्या प्लास्टिकचं, शंभर वर्षं कुजायचं नाही, पण पान फार सुरेख काढलं होतं. शेजारच्या गाळ्यात पामतेलात शेव पडतच होती. मधला दरवाजा फक्त तपासणीच्या दिवशी लावायचा असं ठरलं.

त्या मुलीने आणखी एक मागितलं. वास आणि चव बघणाऱ्या तिघांची कमिटी. मी माझं नाव दिलं, वेफर्सच्या सुपरवायझरचं दिलं, आणि तिसऱ्या रकान्यापाशी थांबले. "बाहेरच्या एक तज्ज्ञ आहेत," मी म्हटलं. "खोबरेलातल्या. कोकणातल्या आहेत, आयुष्यभराचा अनुभव." तिने टॅबवर "कन्सल्टंट" असं टाइप केलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, ज्याला काम करावं लागत नाही आणि सगळे ज्याचं ऐकतात तो. "ता मी लग्न झाल्यापासूनच आसंय," त्या म्हणाल्या.

खोबरेलाची पहिली पिंपं आली. आम्लतेचा आकडा काढला तर नेमका काठावर. म्हणजे निकाल नाकाचा. इतके दिवस जे चाललं त्यात वास नसणं म्हणजे पास, पण हे रिफाइंड नव्हतं. याला वास असायलाच हवा होता. कसला असायला हवा ते मला, शेंगदाण्यावर वाढलेल्या बाईला, धड ठाऊक नव्हतं. पूर्वी नाक होतं तेव्हाही फॅक्टरीत खोबरेल कधी आलं नव्हतं, आणि घरी यायचं ते दुकानातलं, वास काढलेलं. पण मी निश्चिंत होते. खोबरेलाचं सासूबाईंना नाही कळणार तर कोणाला?

संध्याकाळी वाटी त्यांच्यापुढे धरली. त्या देवासाठी वाती वळत बसल्या होत्या. हात पुसून वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मला वाटलं चक्कर आली की काय. मान वर केली तर डोळ्यांत पाणी.

"ह्याका म्हणतत तेल," त्या म्हणाल्या. "माझ्या आयेच्या घरातलो वास इलो गो." मग माझ्या गालावरून हात फिरवला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. "खयसून हाडलंस ह्या? गुणाची बाय माझी."

आता कोणी विचारेल, मी तेव्हा विचार का केला नाही? नाही केला. माझी सासू मला गुणाची म्हणाली होती. मी त्याच वाटीतलं चमचाभर तेल त्यांच्या भातावर घातलं, त्यांच्याशेजारी बसून जेवले, आणि सकाळी जाऊन रजिस्टरात लिहिलं, "वास उत्तम, ताज्या खोबऱ्याचा." खाली झोकात सही ठोकली; ती बघून सुपरवायझरनेही वास न घेताच आपली ठोकली. वेफर्स पवईला गेले.

पाकिटावर टिकाऊपणा सहा महिने छापला होता. तक्रारी तिसऱ्या आठवड्यात आल्या. कोणी लिहिलं साबण खाल्ल्यासारखं वाटतं, कोणी लिहिलं डोक्याला लावायचं तेल प्यायल्यासारखं. एका बाईने लिहिलं होतं की तिने हेल्दी म्हणून लेकीच्या डब्यात दिले, आणि लेक शाळेत ओकली. ते मी तीनदा वाचलं. शेठने फोनवर पवईवाल्यांना सांगितलं की हवामानामुळे झालं असेल. फोन ठेवून तो समोरची बिलं चाळायला लागला. त्याने ओरडायला हवं होतं. न ओरडल्याने माझी जास्त वाट लागली.

त्या संध्याकाळी मी मुलुंडला एका घाण्यावर गेले आणि डोळ्यांदेखत काढलेलं खोबरेल घेतलं, अजून कोमट होतं. घरी दोन वाट्या केल्या. एकीत हे, दुसरीत आमच्या पिंपातलं. काही न सांगता सासूबाईंपुढे ठेवल्या.

ताज्या तेलावर त्या वाकल्या आणि लगेच मागे झाल्या. "ह्या कच्चा. ह्याका वास खय आसा?" दुसऱ्या वाटीवर वाकल्या आणि चेहरा उजळला. "ह्या ता! ह्या तेल!"

मी विचारलं, "आई, तुमच्याकडे गावाला खोबरेल कधी काढायचे?"

त्या रंगून सांगायला लागल्या. पाऊस लागायच्या आधी खोबरं घाण्यावर न्यायचं. तेल पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवायचं. ताजं कोणी खायचं नाही, ते डोक्याला आणि देवाला. खाण्याचा डबा उघडायचा तो श्रावण सरल्यावर, "वास धरल्यावर." चार महिने, आधी तापलेली कौलं, मग पावसाळी ओल आणि गंजका पत्रा. त्यांनी जन्मभर ज्याला तेलाचा वास म्हटलं, त्याला माझ्या पुस्तकात खवट म्हणतात. आणि त्यांची आई तो डबा उघडायची तेव्हा सगळी भावंडं भाताची ताटं घेऊन रांगेने बसायची. हे सांगताना त्या इतक्या हरखल्या होत्या की मी फक्त "हं" म्हटलं आणि वाट्या उचलून घासायला नेल्या. नळ सोडून खूप वेळ उभी राहिले. चूक त्यांच्या नाकाची नव्हती. दुसऱ्याच्या नाकावर सही करणारी मी होते.

रात्रभर ठरवलं की शेठला सांगून टाकायचं, जाते तर जाऊ दे नोकरी. सकाळी त्याच्या केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि उभ्यानेच म्हणून टाकलं, "शेठ, मला वास येत नाही. चौदा महिने झाले."

शेठ चहा बशीत ओतत होता. तो ओतून झाला, मग म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"मॅडम, दिवाळीच्या आधी तुमच्या ओट्याखाली उंदीर मेला होता. चार दिवस. सगळी माणसं रुमाल लावून फिरत होती. तुम्ही तिकडेच बसून डबा खाल्ला. मी तेव्हाच समजलो."

मला हसू यावं की रडू, तेच कळेना. "मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमची तब्येत, घरी साहेबांचा प्रॉब्लेम. आणि सही तर येते ना तुम्हाला?" तो अगदी आपुलकीने सांगत होता. तापात त्याने मला पूर्ण पगारी रजा दिली होती, तोच माणूस. "ऑडिटला कोण नाक बघतं? सही बघतात. फक्त मला एक कोडं पडलं होतं, वास येत नाही तर तुम्ही दोन वेळा माल परत कसा पाठवला?"

मी त्याला सासूबाईंचं सांगितलं नाही. मी विचारलं, "तो माल कुठे गेला?"

"कुठे जाणार? रिफायनरीत गेला, आंघोळ करून परत आला. नवीन नाव, नवीन चलन. तुम्हीच पास केला."

"आणि त्याच्या आधी? माझं नाक होतं तेव्हा? तो टँकरवाला, शपथा घेणारा?"

शेठने पंख्याकडे बघितलं. "धंदा आहे मॅडम."

मला असा राग आला, असा राग आला! तीस वर्षं मी समजत होते, माझ्या नाकाखालून वाईट तेल जात नाही. ते जात नव्हतंच. मागच्या दाराने फिरून, धुऊन पुसून, पुन्हा माझ्या नाकाखालूनच जात होतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसं.

शेठला मात्र घाई होती. गोदामात त्याच खोबरेलाचे बरेच वेफर्स पडून होते. त्याचा उपाय तयार होता. वर पेरी-पेरी मसाला मारायचा, पाकीट बदलायचं, दुसरीकडे पाठवायचे. मसाल्याखाली वास कोणाला येतोय? मला फक्त रजिस्टरात नवीन पास लिहायचा होता.

"लोक खातात हो हे," मी म्हटलं. "लहान मुलं खातात."

"लोक काय खात नाहीत, मॅडम?"

मी लॅबमध्ये गेले. रजिस्टर उघडलं. तारीख टाकली आणि नीट अक्षरात लिहिलं, "वास घेतलेला नाही. गेले चौदा महिने मला वास येत नाही. हे खोबरेल मी पास केलं, ती माझी चूक. हे वेफर्स मसाला लावूनही विकू नयेत." सही केली. रजिस्टर शेठपुढे नेऊन ठेवलं. त्याने शांतपणे वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाला, "अक्षर काय सुंदर आहे तुमचं. हे असू दे. खाली इंग्लिशमध्ये ओके लिहा ना. ऑडिटरला मराठी कुठे येतं?"

मी पेनाला टोपण लावलं. त्या पानाचा फोटो काढला, खाली त्याचं इंग्रजी लिहिलं, आणि पवईच्या त्या मुलीला पाठवून दिला. राजीनामा लॅबच्या ओट्यावर बसून लिहिला. पवईने ऑर्डर बंद केली, एवढं मला पुढे कळलं. गोदामातल्या वेफर्सचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही, पण शेठ फेकणाऱ्यातला नव्हता.

दुपारी घरी पोचले तर सासूबाई खिडकीत बसल्या होत्या. इतक्या लवकर कशी आले म्हणून त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग माझ्या पर्सकडे बघितलं. "आज बाटली नाय?"

"नाही आई. नोकरी सोडली मी."

"कित्या गो?"

"वय झालं. पुरे आता."

त्यांनी पर्स माझ्या हातातून घेऊन खुंटीला लावली. मग हळूच, जरा ऐटीत म्हणाल्या, "पण चौदा म्हयने माझ्या नाकार काढलंस, मां?"

"तुमच्याच नाकावर काढले, आई."

त्यांचं समाधान झालं नव्हतं. त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. गावचं ते घर केव्हाच पडलं होतं. त्यांची भावंडं एकेक करून गेली होती. भाताचं ताट घेऊन रांगेत बसलेल्यांपैकी आता या एकट्याच उरल्या होत्या.

"आणि ता खोबरेल?" त्यांनी विचारलं. "माझ्या आयेच्या घरातला? ता पास झाला मां?"

चौदा महिन्यांतली पहिली खरी नोंद मी त्याच सकाळी केली होती. तिची शाई अजून बोटाला होती.

"झालं आई," मी म्हटलं. "पहिल्या नंबरात."

"माका म्हायत होता," त्या म्हणाल्या.